गोवराचा दुसरा डोस झाला का हो?

थंडी सरत आली, ओला हरभरा बाजारात आला, की आपल्या वऱ्हाडात घरोघरी लहान मुलांची आजारपणं सुरू होतात. कुणाला सर्दी, कुणाला खोकला, कुणाला ताप. त्यातच एखाद्या घरून बातमी येते, "पोराला गोवर निघाला." मग शेजारच्या आजी अंगणातूनच धीर देतात, "काही घाबरू नको मायबाई. लेकराले गोवर येनं चांगलंच असते. अंगातली गर्मी निंगून जाते."

आजींचा हा धीर मायेचा असतो, यात शंका नाही. त्यांच्या काळी प्रत्येकच मुलाला गोवर येई. त्यातून जी वाचली, ती डोळ्यांसमोर वाढली. जी गेली, त्यांच्याबद्दल घरात फारसं कुणी बोललं नाही. म्हणून गोवर म्हणजे येऊन जाणारं दुखणं, असा समज आपल्याकडे पक्का बसला. तो किती खरा, किती खोटा, आणि लसीबद्दल इतकं उलटसुलट का बोललं जातं, हे आज जरा सविस्तर पाहू या. कारण मैत्रिणींनो, हा प्रश्न सरकारचा आणि डॉक्टरांचा जितका आहे, तितकाच तो आपल्या कपाटातल्या एका कार्डाचाही आहे.

गोवर म्हणजे नेमकं काय?

गोवर हा विषाणूचा आजार. उष्णतेचा नाही, पित्ताचा नाही आणि कुणाच्या कोपाचाही नाही. गोवर झालेलं मूल खोकलं, शिंकलं, की तो हवेतून पसरतो. मूल खोलीतून निघून गेलं, तरी तिथल्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहू शकतो. एका आजारी मुलापासून, लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते असं मानतात. इतका झपाट्याने पसरणारा दुसरा आजार क्वचितच असेल.

लागण झाल्यावर दहा-बारा दिवस काहीच कळत नाही. मग ताप चढतो, खोकला येतो, नाक गळतं, डोळे लाल होऊन पाणी येतं. तोंडात, गालाच्या आतल्या बाजूला, रव्याच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसतात. तीन-चार दिवसांनी कानामागे आणि चेहऱ्यावर लालसर पुरळ उठतं आणि ते खाली पायांपर्यंत उतरतं. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच ते मूल आजार पसरवत असतं. म्हणजे आपण 'साधी सर्दी आहे' म्हणून त्याला शाळेत, बारशाला, लग्नाला नेतो, नेमके तेच दिवस घाताचे.

बहुतेक मुलं बरी होतात, हे खरं. पण गोवराचं खरं संकट पुरळ नव्हे, त्याच्यामागून येणाऱ्या गोष्टी. न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, कान फुटतो. अशक्त मुलाच्या डोळ्यांत फूल पडून दृष्टी जाऊ शकते. हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते. क्वचित एखाद्या मुलाला, गोवर विसरला गेल्यावर काही वर्षांनी, मेंदू हळूहळू निकामी करणारा आजार जडतो आणि त्यावर उपाय नाही. शिवाय २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आणखी एक गोष्ट पुढे आली. पूर्वीच्या आजारांशी लढून शरीराने कमावलेली प्रतिकारशक्ती गोवर मोठ्या प्रमाणात पुसून टाकतो. म्हणूनच आपल्या आया म्हणत, "गोवरानंतर पोर वर्षभर सावरलं नाही." त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. 'गर्मी निघते' हा अर्थ मात्र चुकला होता. निघून जाते ती गर्मी नव्हे, ताकद.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे एक लाख सात हजार माणसं गोवराने गेली. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. लस १९६३ साली आली. त्याआधी हाच आकडा वर्षाला सव्वीस लाखांच्या घरात असे.

टोचणं आपल्याला नवं नाही

लसीचं नाव काढलं की काहीजणी म्हणतात, "हे आताच निघालेलं खूळ आहे." तसं नाही. जुन्या बायकांच्या दंडावर दोन-दोन गोल वण पाहिलेत ना? ते देवीच्या लसीचे. 'देवी काढणे' हा शब्दच मुळी आपल्या मराठीत त्या टोचण्यावरून रुळला. भारतात ही लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हाही लोक बिचकले. देवी म्हणजे प्रत्यक्ष माता, तिला अडवायचं कसं, असा प्रश्न होता. पुढे प्लेगच्या साथीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोकांच्या मनातली धास्ती लगेच गेली नाही.

पण देवी गेली. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८० साली सारं जगच देवीमुक्त झालं. आज आपल्या मुलांच्या दंडावर तो वण नाही, कारण त्याची गरजच उरली नाही. लसीने आजार गेला की लोक आजार विसरतात आणि मग लसीचीच भीती वाटू लागते. गोवराच्या बाबतीत तेच घडतंय.

आपल्या देशात सरकारी कार्यक्रमात गोवराची लस १९८५ साली आली. दुसरा डोस २०१० पासून सुरू झाला. २०१७ पासून त्यात रुबेलाची लस मिसळली गेली, म्हणून आता कार्डावर 'एम.आर.' असं लिहिलेलं असतं. रुबेला मुलांना फारसा त्रास देत नाही. पण गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर पोटातलं मूल मोतीबिंदू, बहिरेपण किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकतं. म्हणजे आजच्या मुलीला दिलेली ही लस तिच्या उद्याच्या लेकराला राखते.

आणि ही लस काही सातासमुद्रापलीकडून येणारी गूढ वस्तू नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ती तयार होते, आणि तिथून जगातल्या कितीतरी देशांत जाते.

२०१८ ची मोहीम आणि मोबाइलवरचे निरोप

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या तीन कोटींहून अधिक मुलांना लस द्यायची होती. सुरुवात शाळांपासून झाली. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथेही टेबलं मांडली गेली. त्या आठवड्यात फाटकाबाहेर आयांचे घोळके उभे असत. मोबाइलवर निरोप फिरत होते, या लसीने पुढे मुलं होत नाहीत, ही अमक्याच समाजासाठी आणली आहे, तमक्या गावी पोरं बेशुद्ध पडली.

एक आई मला म्हणाली, "बाई, तुमी सांगता ते खरं असन. पन माह्या पोरीले काई झालं तं मी कोनाले इचारू?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. कोणतीही आई हाच विचारील. आमच्या नर्सबाई शहाण्या. त्यांनी तिला हसण्यावारी नेलं नाही. आत नेलं, बाटली दाखवली, तारीख वाचून दाखवली, सुई नवी आहे हे समोर फोडून दाखवलं आणि म्हणाल्या, "अर्धा तास मी इथंच आहे, अन् तुम्हीपण बसा." ती बसली. मुलगी अर्ध्या तासाने खिचडी खायला पळाली. दुसऱ्या दिवशी तीच बाई जावेच्या दोन मुलांना घेऊन आली.

याउलट दिल्लीत काय झालं पाहा. तिथे पालकांची संमती न घेता शाळांत लस देण्याचं ठरलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की पालकांच्या संमतीशिवाय लस देऊ नका. मला यात काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे या लसीची कायद्याने सक्ती नाही, आणि लेकराच्या अंगाला सुई लावण्याआधी आईला विचारावं, हे रास्तच आहे. फक्त विचारलं गेल्यावर आईने ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडून उत्तर घ्यावं, मोबाइलवरच्या निनावी निरोपाकडून नव्हे.

२०२२ ने काय शिकवलं

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आधी आपल्याच अमरावती-अकोल्याकडे उठली होती, हे कुणी विसरलेलं नाही. अमरावतीत तर २२ फेब्रुवारीपासून आठवडाभर सारं बंद होतं. त्या दोन वर्षांत लहान मुलांना घेऊन दवाखान्यात जायला आया धजेनात. नर्स आणि आशाताई कोरोनाच्या कामात गुंतल्या. लशीचे डोस राहून गेले. त्या वेळी ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्याची किंमत २०२२ च्या दिवाळीनंतर दिसली. मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराची साथ पसरली. कस्तुरबा रुग्णालयात लहानग्यांच्या खाटा भरल्या. मालेगाव, भिवंडीतही साथ होती. लेकरं दगावली. त्यांतल्या बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. राज्य सरकारने डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचं कृतिदल नेमलं. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस, आणि जिथे अगदी तान्ही मुलंही आजारी पडत होती तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यायचं ठरलं. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्यभर विशेष मोहीम झाली.

'ती मुंबईची झोपडपट्टी, आपलं काय?' असं कुणी म्हणेल. तर अमेरिकेचं उदाहरण घ्या. त्या देशाने २००० साली गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं. २०२५ च्या जानेवारीत टेक्सास राज्यात साथ सुरू झाली आणि साडेसातशेहून अधिक लोकांना लागण झाली. लस न घेतलेली शाळकरी वयाची दोन मुलं गेली. तिथे दवाखाने होते, पैसा होता, मोटारी होत्या. नव्हती ती फक्त लस.

शंका खऱ्या आणि खोट्या

आता ज्या शंका मी भिशीत, शाळेत, रेल्वेच्या डब्यात ऐकते, त्या एकेक घेऊ.

'लसीने मूल मंदबुद्धी होतं, स्वमग्न होतं.' ही अफवा १९९८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने बारा मुलांवरून लिहिलेल्या लेखातून निघाली. चौकशीत त्याचं काम अप्रामाणिक ठरलं. २०१० साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचं नाव वैद्यकीय नोंदणीतून काढलं गेलं. त्यानंतर लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, संबंध सापडला नाही. अफवा मात्र अजून जिवंत आहे.

'मुलं होत नाहीत.' याला काहीच आधार नाही. रुबेलाची लस उलट गर्भाला राखते, हे वर सांगितलंच.

'लसीनंतर ताप येतो.' हो, काही मुलांना येतो. सात ते बारा दिवसांनी थोडा ताप किंवा बारीक पुरळही दिसतं आणि आपोआप जातं. ते दुसऱ्याला लागत नाही. फार क्वचित, दहा लाख डोसांमागे एखाद्याला, तीव्र ॲलर्जी होते. ती लगेच होते, म्हणून तर अर्धा तास थांबायला सांगतात. घाई करून निघू नका.

'सरकारी लोकांकडून चुका होतात.' होतात. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातच, घाटंजी तालुक्यात, ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण अशा चुकीवरून काय धडा घ्यायचा?

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या चिमुकल्या देशाने तो धडा फार महागात शिकला. जुलै २०१८ मध्ये तिथे लसीची पूड पाण्याऐवजी चुकून दुसऱ्याच औषधात कालवली गेली आणि दोन तान्ही बाळं गेली. दोष लसीचा नव्हता, हाताचा होता. पण लोक घाबरले, लसीकरण काही महिने थांबलं, आणि सुरू झाल्यावरही आया परतल्या नाहीत. २०१९ च्या शेवटी गोवर आला. उण्यापुऱ्या दोन लाख वस्तीच्या त्या देशात त्र्याऐंशी माणसं गेली, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. मग डिसेंबरमध्ये दोन दिवस सारे सरकारी व्यवहार बंद ठेवून घरोघर लस दिली गेली. ज्या घरी लस राहिली होती, त्यांनी दारावर लाल फडकं बांधायचं होतं. चुकीबद्दल जाब विचारायला हवाच होता. पण लस सोडून दिल्याने ती बाळं परत आली नाहीत, आणखी मात्र गेली.

म्हणून मी म्हणते, डोळे उघडे ठेवून लस घ्या. बाटलीवरची मुदत विचारा. लस कालवून किती वेळ झाला ते विचारा, कारण चार तासांनंतर ती वापरायची नसते. सुई समोर फोडायला सांगा. चांगल्या नर्सला याचा राग येत नाही.

आपल्याकडे डोस चुकतो तो कुठे?

मोठमोठ्या वादांत एक साधी गोष्ट हरवते. अमरावती-अकोल्यासारख्या गावांत लसीला ठाम विरोध करणारी घरं थोडी. डोस चुकतो तो बहुधा विसरण्याने. आणि विसरला जातो तो दुसरा.

पहिलं बाळंतपण माहेरी. कार्ड तिथल्या दवाखान्याचं. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की सासरी परतायचं. कार्ड आईच्या कपाटात साड्यांखाली राहतं. नऊ महिन्यांचा पहिला डोस आशाताईच्या आग्रहाने होतो. पण सोळाव्या महिन्यानंतर मूल धावायला लागलेलं, आपण घरकामात बुडालेल्या, नवऱ्याची बदली मूर्तिजापूरहून अकोल्याला. आठवण करणारं कुणी नाही. मजूर बायकांचं तर आणखी कठीण. कापूस वेचायला, वीटभट्टीवर, संत्र्याच्या तोडीला गाव सोडावं लागतं. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याची किती कुटुंबं कामासाठी महिनोन्महिने बाहेर असतात. तिथे कुपोषण आधीच आहे, आणि कुपोषित मुलाला गोवर फार कडक जातो.

एका डोसाने नाही का भागत? हिशेब असा. नऊ महिन्यांच्या शंभर बाळांना पहिला डोस दिला, तर पंच्याऐंशींच्या आसपास सुरक्षित होतात. उरलेल्या पंधरांच्या अंगी तो लागत नाही, आणि आपलं मूल त्या पंधरांत आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. दुसरा डोस त्यांच्यासाठी. शंभरांतल्या पंच्याण्णवांना दोन्ही डोस झाले, तरच गावात गोवराला फिरायला वाट उरत नाही.

आणि ही वाट कुणासाठी बंद करायची? नऊ महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, ज्याला एरवी लस देताच येत नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलीचं बाळ सात महिन्यांचं होतं. लग्नाच्या मांडवात चार वर्षांच्या एका भाच्याने ते दिवसभर कडेवर घेऊन नाचवलं. भाचा जरा शिंकत होता, एवढंच. त्याचा पहिला डोस झाला होता, दुसरा राहिला होता. तीन दिवसांनी भाच्याच्या अंगावर पुरळ आलं, आणि त्यानंतर आठवडाभराने बाळाला ताप चढला. गोवर, मग न्यूमोनिया. नऊ दिवस ऑक्सिजनवर. बाळ वाचलं. पण त्या मुलीचं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "मावशी, माझ्या हातात काहीच नव्हतं ग. जे होतं ते दुसऱ्यांच्या हातात होतं."

इतर कितीतरी गोष्टींत 'माझं मूल, माझा निर्णय' म्हणता येईल. गोवराच्या बाबतीत तो निर्णय शेजारच्या पाळण्यापर्यंत जातो.

आजच करायच्या गोष्टी

१. मुलाचं कार्ड काढून बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. दोन्ही तारखा लिहिलेल्या आहेत का?

२. डोस राहिला असेल तर 'वय गेलं' म्हणून गप्प बसू नका. पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो मिळतो. मूल त्याहून मोठं असेल तर डॉक्टरांना विचारा.

३. खाजगी दवाखान्यात 'एम.एम.आर.' दिली असेल तर त्यात गोवर, रुबेला दोन्ही येतात. तारीख मात्र कार्डावर लिहून घ्या.

४. कार्ड माहेरी असेल तर मागवून घ्या. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

५. साधी सर्दी किंवा किरकोळ कसर असली तरी लस देता येते. जास्त ताप असेल तर पुढे ढकला, पण पुढची तारीख तिथेच ठरवून या.

६. अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग, शिवाय महापालिकेचे दवाखाने आणि गावोगावची आरोग्य केंद्रं, इथे लस फुकट मिळते. वार आणि वेळ आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडून कळेल.

७. नऊ महिन्यांच्या डोसाबरोबर अ जीवनसत्त्वाचं औषध पाजतात, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. तेही चुकवू नका.

घरात गोवर आलाच तर

जुन्या रीतींपैकी काही चांगल्या आहेत. मुलाला वेगळ्या खोलीत ठेवणं, येणंजाणं बंद करणं, खोलीत उजेड मंद ठेवणं, हे जरूर करा. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायला हरकत नाही. फोडणी, तळण घरात बंद ठेवलं तरी कुणाचं नुकसान नाही.

पण मुलाचं खाणं तोडू नका. इथेच घात होतो. अंगावरचं दूध चालू ठेवा. मऊ खिचडी तूप घालून, वरणभात, पेज, केळं, थोडंथोडं पण वारंवार द्या. जुलाब असतील तर मीठ-साखरेचं पाणी. अंग कोमट पाण्याने पुसा, 'पाणी लागलं तर गोवर आत जातो' हे खरं नाही. औषधानेही तो 'दाबला' जात नाही. डोळे स्वच्छ ओल्या कापडाने पुसा. काजळ, मध किंवा दूध डोळ्यांत घालू नका.

डॉक्टरांकडे मात्र पहिल्याच दिवशी जा, आणि निघताना आधी कळवा, म्हणजे दवाखान्यात इतर मुलांपासून दूर बसवता येईल. गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात. त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. डोस वयाप्रमाणे असतो, तेव्हा घरी मनाने देऊ नका. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, मूल दूध-पाणी घेईना, झटके आले, सुस्त पडलं किंवा बुबुळ धुरकट दिसू लागलं, तर रात्र असो की पाऊस, थांबू नका. पुरळ आल्यापासून चार दिवस होईपर्यंत मुलाला शाळेत पाठवायचं नाही, हे शाळेलाही कळवा.

एक सुचवू का?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी आपण वाणात काय काय लुटतो! डबे, गाळण्या, वाट्या. घरात त्यांची जागा उरत नाही. यंदा लहान मुलं असलेल्या लेकी-सुनांना एकेक प्लॅस्टिकचं पाकीट वाणात द्या, मुलाचं लसीचं कार्ड ठेवायला. आणि देताना कुंकू लावता लावता सहज विचारा, "दुसरा डोस झाला का हो?" न झालेल्या निघाल्या, तर पुढच्या लसीच्या वारी चार-पाच जणी मिळून जा. एकटीला जायला कंटाळा येतो, भीती वाटते. चौघी असल्या की रिक्षाही परवडते आणि प्रश्न विचारायला धीरही येतो. कामाला येणाऱ्या बाईच्या लेकराचं कार्डही त्याच वेळी बघा, आणि त्या दिवसाची तिची सुट्टी कापू नका.

गोवर-रुबेला हद्दपार करण्यासाठी आपल्या देशाने २०२६ अखेरची मुदत ठरवली. तारखा सरकार ठरवतं. पण डोस पुरा होतो तो आपल्याच मांडीवर बसलेल्या लेकराला.